कुस्तीची कुमार कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

सर्वप्रथम नायकाच्या वडिलांची सोय लावावी. ते हयात नसलेले उत्तम. असलेच तर ऐन उमेदीत आखाड्यात पाय मोडून घेतलेले आणि अबोल असावेत. बोलके वडील कथानकाला घातक; ते मुलाला दुसऱ्याच प्रकरणात आयटीआयला घालतात.

आईचे मंगळसूत्र घाईने मोडू नये, उपांत्य फेरीला लागते. तोवर म्हैस विकून भागवावे. म्हैस गेल्यावर पोराच्या खुराकाचे दूध कुठून येणार, ही चिंता लेखकाची नव्हे. दूध, तूप आणि थंडाईच्या बदामापायी वाण्याकडे वाढत जाणारे खाते हीच खरे तर पैलवानाच्या घराची कादंबरी असते. पण उधारीच्या वहीवर वाचक रडत नाही, सबब ती वगळावी.

डावांची नावे सढळ हाताने पेरावीत: ढाक, घिस्सा, निकाल, एकेरी पट. नायकाने मात्र प्रत्येक कुस्ती धोबीपछाडीवरच मारावी, कारण तेवढा एकच डाव लेखकाला ठाऊक असतो. पहिली कुस्ती जत्रेत रेवड्यांवर, शेवटची कोल्हापूरच्या खासबागेत. मधली वर्षे वस्तादांच्या शिव्यांत काढावीत.

बहिणीने तालमीच्या दारापर्यंत डबा आणावा. तिने आत यायचे म्हटले तर कादंबरीच बदलेल आणि ती कदाचित चांगली होईल. हा धोका पत्करू नये.

सत्यकथेच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. यावर कोणताही संपादक म्हणेल, "प्राचार्य घर गहाण टाकतो? पटत नाही हो. मामा करा त्याला." खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. इथवर ठीक आहे. पण पुढे पोलिसातली नोकरी, १९८४ला अपघाती मृत्यू आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर कित्येक वर्षांनी, मरणोत्तर. कुमारांच्या कादंबरीत सरकारला इतका वेळ देता येत नाही. तिथे गदा मुखपृष्ठावरच नायकाच्या खांद्यावर छापलेली असते.