टर्बो गेला, पण नेला कोणी?

टर्बोचार्जर हे उष्ट्यावर जगणारे यंत्र आहे. इंजिनाने जाळून टाकून दिलेला धूर सायलेन्सरकडे निघालेला असतो. त्याला वाटेत गाठून टर्बो आपले एक चाक त्याच्याकडून फिरवून घेतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. हवा भरपूर मिळाली की जास्तीचे डिझेलही पुरते जळते आणि गाडीला जोर येतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. ती धडपणे चालायला पुढची वीस वर्षे गेली. बिघडायला तिला इतका वेळ लागत नाही.

अचलपूर-परतवाडा ही जोडगावे टर्बोची परीक्षा घ्यायलाच वसवली असावीत. अंजनगाव-दर्यापूरकडच्या सपाट रस्त्यांवर आजारी टर्बोसुद्धा मुकाट्याने दिवस काढतो. परतवाडा सोडून उत्तरेला वळले की गाविलगडचे डोंगर लागतात. चिखलदरा 1,118 मीटरवर, म्हणजे साडेसातशे मीटरच्या आसपास चढ, आणि वर हवाही समुद्रसपाटीच्या मानाने दहाएक टक्के विरळ. सपाटीवर झाकलेले सगळे घाटात उघडे पडते. बैतूलच्या रस्त्याने निघालेली संत्र्यांची पिकअप तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर येते, आणि ती जेमतेम परत आली की बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागतो: ‘टर्बो गेला नं भाऊ!’

बहुतेक वेळा टर्बो गेलेला नसतो, आणि खरोखर गेलेला असला तर त्याला नेणारा दुसराच असतो.

तपास धुरापासून करावा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी पडते. अशा वेळी संशय आधी एअर फिल्टरवर, मग इंटरकूलरच्या हौजपाइपवर आणि त्याच्या क्लॅम्पवर घ्यावा. फाटलेला हौज मोठा साळसूद असतो. उभ्या गाडीत त्याची चीर मिटलेली दिसते. दाब आला की उघडते आणि ‘फुस्स’ करते. साबणाचे पाणी लावून एकाने ॲक्सिलरेटर दाबला तर ती पकडता येते. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून केलेली दुरुस्ती गावापर्यंत पोचवते, पण काही मालक तिच्यावर दोन हंगाम काढतात. तोवर गळणाऱ्या हवेची भरपाई करायला टर्बो मर्यादेबाहेर फिरत राहतो आणि खरोखरच जातो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ते टर्बोतून येत असेल किंवा इंजिनाच्या झिजलेल्या रिंगांतून. कित्येकदा टर्बो धडधाकट असतो, पण ऑइल परत नेणारा पाइप किंवा इंजिनाचा ब्रीदर तुंबलेला असतो. खाली जायला वाट नसलेले ऑइल मग सीलमधून बाहेर पडते.

आवाजाचे तसेच. हलकी शिट्टी हे प्रकृतीचे लक्षण आहे. इथल्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन 1994 मध्ये उतरले, तेव्हापासून या भागाला शिट्टीची सवय राहिली नसेल, म्हणून लोक तिलाही घाबरतात. घाबरावे ते ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणाऱ्या भोंग्याला. पाती खरचटल्याची ती तक्रार असते.

शेवटची तपासणी हाताची. इंजिन बंद आणि गार असताना हवेचा पाइप काढून चाकाचे टोक दोन बोटांत धरतात. मिस्त्री ते मालकादेखत डावी-उजवीकडे हलवतो आणि म्हणतो, ‘हे पाहा, हालून राह्यलं!’ मालकाचा चेहरा उतरतो. वास्तविक आडवे थोडे हललेच पाहिजे; चालू गाडीत ती फट ऑइलने भरते. दांडा आत-बाहेर सरकताना बोटाला जाणवला किंवा पाती घराला घासली, तर मात्र पैशाची सोय पाहावी.

फक्त अचलपूर ते परतवाडा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या नव्या गाड्यांचा रोग वेगळा. त्यांच्या टर्बोतल्या हलत्या पट्ट्या काजळीने अडकतात, कॉम्प्युटर जोर कापतो आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालते.

कारण न शोधता नवा टर्बो बसवला तर तोही जुन्याच्या वाटेने जातो. बसवण्याआधी ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलावा, ऑइलचा पाइप साफ करावा, इंटरकूलरमधले मोडक्या पात्यांचे तुकडे काढावेत आणि टर्बोत हाताने ऑइल घालावे. ऑइलच्या तोंडाशी पेस्ट फासू नये. तिचा सुटलेला कण नेमका भोकात जाऊन बसतो.

दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर. शेजारून सातशे अंशांचा धूर वाहतो. ऑइल वेळेवर बदलणे याला म्हणूनच पर्याय नाही. गाडी सुरू करताच दिलेली रेस शेजाऱ्यांसाठी असते; टर्बोला अर्धे मिनिट हवे असते. घाट चढून चिखलदऱ्याच्या देवी पॉइंटला पोचल्याबरोबर किल्ली फिरवली तर बेअरिंगमधले ऑइल जागीच करपते. तिथे मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवावे. घाट उतरून आल्यावर मात्र त्याची गरज नसते, कारण उतारावरच टर्बो निवतो. परतवाड्यात चहा संपेपर्यंत गाडी घुरघुरत ठेवणारे फक्त डिझेल जाळतात.

जिनिंगच्या दिवसांत कापसाचा तंतू इंटरकूलरच्या जाळीवर आणि फिल्टरवर गोधडीसारखा बसतो. फिल्टर धोब्याप्रमाणे दगडावर आपटण्याची रीत आहे. त्याने धूळ निघते आणि कागदही फाटतो. मग पुढचा सगळा फुफाटा थेट पात्यांवर.

हे काहीच पाळले नाही आणि सील पुरते फुटले, तर इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन धावू लागते. किल्ली काढून हातात घेतली तरी ते थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करावे. या गाडीला मात्र बॉनेट न उघडता कोणी ‘टर्बो गेला’ म्हटले, तर वाद घालू नये.