हायब्रीडमालकांचा मेळावा

हायब्रीड गाड्यांच्या मालकांसाठी वाहन कंपनी एखाद्या रविवारी जो खुला दिवस ठेवते, त्याला निमंत्रणात 'कुटुंबमेळावा' म्हटलेले असते. जागा बहुधा वर्कशॉपची किंवा महामार्गालगतच्या लॉनची. वेळ सकाळी नऊ. नऊला मांडववाले येतात, साडेनऊला मालक आणि दहाला उपमा. ग्राहकाला तंत्रज्ञान समजावून सांगणे हा मेळाव्याचा जाहीर हेतू. ग्राहकाचा हेतू निराळा असतो. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाख जास्त मोजले ते शहाणपणाचे होते, हे त्याला चारचौघांत, जमल्यास मेव्हण्यासमोर, वदवून घ्यायचे असते.

कंपनीला या माणसाचे इतके कौतुक का, याचे उत्तर केंद्र सरकारच्या इंधनक्षमतेच्या नियमांत आहे. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुराची सरासरी ठरावीक मर्यादेत बसवावी लागते. ही सरासरी काढताना एक स्ट्राँग हायब्रीड दोन गाड्यांच्या बरोबरीने धरतात आणि पूर्ण विजेवरची गाडी तीन गाड्यांच्या. म्हणजे हायब्रीडचा मालक कंपनीच्या वहीत दुप्पट भरतो. जेवणाचे कूपन मात्र त्याला एकच मिळते.

प्रवेशद्वारावरच्या टेबलाशी वर्णव्यवस्था सुरू होते. ज्याची गाडी काही अंतर निव्वळ विजेवर चालते, तो 'स्ट्राँग'. ज्याच्या गाडीतली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीने गाडी हलवू शकत नाही, तो 'माइल्ड'. माइल्डवाल्याच्या गाडीमागेही कधीकाळी हायब्रीडची पाटी होती आणि त्याला सरकारी सवलतही मिळे. ती १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. तो मेळाव्याला येतो, मागच्या रांगेत बसतो आणि 'आमचीपण हायब्रीडच आहे' एवढे शेजाऱ्याला एकदा सांगून उपम्याकडे वळतो.

पहिले सत्र इतिहासाचे. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास इंजिन आणि विजेच्या मोटरी एकाच गाडीत जोडून दाखवल्या होत्या. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस जपानमध्ये विक्रीला आली आणि हायब्रीड मोठ्या प्रमाणावर विकता येते हे सिद्ध झाले. एवढा इतिहास पडद्यावर चार मिनिटांत आटोपतो. मग येते प्लॅनेटरी गिअरची फिरती आकृती. मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडे. सूर्याला जनरेटर, ग्रहांच्या चौकटीला इंजिन आणि कड्याला चाकांकडे जाणारी मोटर जोडलेली. कोणाची ताकद कुठे वळवायची हे संगणक ठरवतो, त्यामुळे नेहमीचा गिअरबॉक्स लागत नाही. रचना खरोखर देखणी आहे आणि अभियंता ती मनापासून समजावतो. आकृती थांबते आणि पहिला प्रश्न येतो, ''पण मग गिअर किती?''

दुसरा प्रश्न एव्हरेजचा. मेळाव्याचा खरा गाभा हाच. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रीडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंतची ही नेमकी मोजणी प्रयोगशाळेतली असते. गाडी रोलरवर उभी, चाके जागच्या जागी फिरतात, एसी बंद आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित एआरएआय पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. गाड्या मात्र टेकडीखाली कर्वे रस्त्यावर चालवाव्या लागतात. तरीही हायब्रीडवाल्याला या तफावतीचा राग येत नाही. तो दुसऱ्याचा आकडा विचारतो, स्वतःचा त्याहून दोनने जास्त सांगतो आणि पुरावा म्हणून मोबाइलमधला डॅशबोर्डचा फोटो दाखवतो. फोटो उताराच्या शेवटी काढलेला असतो.

हायब्रीडचे गणित इतर गाड्यांच्या उलटे आहे, हे येथे नमूद करायला हवे. ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि कोंडीत इंजिन बंद राहते. म्हणून शहरात फायदा जास्त. द्रुतगती मार्गावर एका वेगात गाडी पळू लागली की तो आखडतो. परिणामी संध्याकाळी हिंजवडीहून निघून तासभर त्याच पुलावर उभा असलेला आणि तरी चेहऱ्यावर समाधान असलेला मनुष्य आढळला, तर तो हायब्रीडमालक समजावा.

प्रश्नोत्तरांचा उत्तरार्ध तक्रारींचा असतो आणि त्यात दम असतो. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. बहुतेक हायब्रीड गाड्यांवर सेससकट ४३ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. विजेच्या गाडीला हिरवी पाटी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी. हायब्रीडला पांढरी पाटी आणि पूर्ण टोल. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला, ही बातमी मेळाव्यात अजूनही परगावच्या श्रीमंत काकांसारखी आठवली जाते. व्यासपीठावरचे साहेब यावर 'आम्ही शासनाकडे पाठपुरावा करतो आहोत' असे सांगतात. टाळ्या पडतात.

बॅटरी बदलायला किती खर्च येतो, हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात एक सेवानिवृत्त गृहस्थ विचारतात. उत्तर रुपयांत येत नाही, वर्षांत येते. ''सर, आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी आहे.'' गृहस्थ पुन्हा रुपये विचारतात. उत्तर पुन्हा आठ वर्षे. तिसऱ्यांदा विचारण्याआधी जेवण लागल्याची घोषणा होते.

दुपारचे प्रात्यक्षिक मात्र उपयोगाचे, आणि नेमके तेव्हाच निम्मे लोक आईस्क्रीमच्या रांगेत असतात. अनेक हायब्रीड गाड्यांत मोठी बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. मेकॅनिक ती जाळी काढतो. आतल्या फिल्टरवर करड्या धुळीचा नमद्यासारखा थर, त्यात तीन कुरमुरे, पिवळी शेव, शेंगदाण्याची सालपटे, टिकल्यांचे अर्धे पाकीट आणि कोणाच्या तरी नातवाचा चिकटलेला चॉकलेटचा कागद. जाळीवर पिशवी ठेवू नका, फिल्टर वेळेवर साफ करून घ्या, नाहीतर बॅटरी तापते, असे मेकॅनिक सांगतो. ''वहिनी, तुम्ही तरी लक्षात ठेवा,'' हे तो मालकाकडे न बघता म्हणतो. केशरी वायरींना हात लावू नका, त्यांत जास्त दाबाची वीज असते, हेही तोच बजावतो. शिवाय गाडी महिनाभर उभी राहिली तर साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि तिच्यावाचून मोठी बॅटरी असूनही गाडी चालू होत नाही. दिवसभरातले एवढेच ज्ञान घरी नेण्याजोगे, आणि ते माइकशिवाय सांगितलेले असते.

यानंतर कमी पेट्रोलात जास्त अंतर तोडण्याची स्पर्धा. एरवी सिग्नलला हॉर्नवरचा हात न काढणारा गृहस्थ येथे ताशी चाळीसने, एसी बंद करून, ॲक्सिलरेटरवर अंगठ्याचा नुसता भास ठेवून गाडी हाकतो. वजन कमी व्हावे म्हणून डिकीतली सतरंजी आणि सासूबाई दोघींना मांडवात उतरवलेले असते. विजेत्याला पेट्रोलचे कूपन मिळते.

शेवटी पडदा सरकतो आणि कंपनीची नवी, पूर्ण विजेवरची गाडी पुढे येते. संगीत, धूर, फोटो. सकाळपासून ज्यांना हायब्रीडच उत्तम हे पटवले, त्यांच्यासाठी शेजारीच एक्स्चेंजचे टेबल मांडलेले असते. तेथला मुलगा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरतो, दरवाज्याच्या रबराखाली बोट घालून पाहतो, मीटरचा फोटो काढतो आणि मोबाइलवर आकडा दाखवतो. आकडा पाहून मालक दुखावला की तो समजुतीने सांगतो, ''काका, बॅटरीच्या वॉरंटीची तीनच वर्षे उरलीत ना.''

बाहेर पडताना अभिप्रायाचा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म घेणारी मुलगी पेन पुढे करत विनवते, ''सर, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमच्याकडे ते शून्यच धरतात.''