पळून मोजलेलं वावर

सातबारा मोबाइलवर दिसायला लागला आणि माझी झोप उडाली. तोवर निमगाव साव्यातली आमची जमीन ही फक्त एक भावना होती. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, माझं आणि बहिणीचं नाव लागलं. तात्यांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, वावर निम्म्यानं कसायला घेतलं. कांद्याचे पैसे खात्यावर यायचे आणि मी ते बघतही नसे. पण महाभूलेखवर गट नंबर टाकला की आपलं नाव पडद्यावर उमटतं, हे कळलं मात्र, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात तिसऱ्या मजल्यावर बसून मी रात्री-अपरात्री तेच बघत बसू लागलो. एकूण क्षेत्र ०.४१.००. म्हणजे ४१ आर, साडेचाळीस गुंठे. एकरापेक्षा अर्धा गुंठा जास्त. तो अर्धा गुंठा मला फार आवडायचा.

मी घरून काम करतो. कचेरी दुसऱ्या शहरात आहे आणि तिचं दर्शन वर्षातून एकदा, नाताळच्या जेवणाला. पलंग ते खुर्ची हे अंतर माझा रोजचा प्रवास. त्यातून पाठ धरली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पॅरासिटामॉल सांगितली (तिकडे हात मोडला तरी आधी पॅरासिटामॉलच सांगतील असा आमच्या मराठी मंडळींचा ठाम समज आहे) आणि वर म्हणाल्या, हला. म्हणून मनगटावर घड्याळ आलं. पळणाऱ्यांचं, उपग्रहांशी बोलणारं, महागडं. ते दर तासाला उठायला सांगायचं आणि मी बसल्या बसल्या हात हलवून त्याला फसवायचो. कंपनीत पावलांची स्पर्धा होती, चमू पाडलेले होते. आमचा चमू माझ्यामुळे कायम खाली. कुणी बोलायचं नाही. डच माणसं एरवी सगळं तोंडावर बोलतात, ती बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर.

तेव्हा हिवाळ्यात गावी जाऊन तिथूनच काम करायचं ठरवलं. हिशेब चोख होता. उट्रेख्तमधले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. सकाळ मोकळी. सकाळी पळायचं, तब्येत कमवायची, जमिनीवर नजर ठेवायची, दुपारी लॅपटॉप उघडायचा.

पहिल्याच पहाटे डोक्याला दिवा आणि अंगात चमकणारी पिवळी बंडी घालून निघालो. ओढ्यापाशी पोचेपर्यंत गावातली सगळी कुत्री मागं आणि दोन मोटारसायकली पुढं आडव्या. "काय लागलंय मागं?" एकानं घाबरून विचारलं. काही नाही, असाच पळतोय, म्हणालो. त्याचा विश्वास बसेना. त्याने माझ्या मागच्या उसात बॅटरी मारून बघितली.

त्याचं चुकत नव्हतं. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी हा भाग ओला केला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून बिबट्या. मादी उसातच विते आणि पिल्लांना ऊस हेच रान वाटतं. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. या पट्ट्यात बिबट्यानं माणसंही मारली आहेत, लहान पोरंसुद्धा, त्यामुळे इथे मला विनोद सुचत नाही. तात्या रात्रपाळीच्या विजेवर दारं धरायला जातात ते मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून, काठी आपटत. आणि मी कानात बोंडं खुपसून, बिबट्याच्या जेवणाच्या वेळेला, त्याच्या घरासमोरून हौसेनं पळत होतो. काकींनी दुसऱ्या दिवशी पहाटे दाराला आतून कुलूप घातलं.

मग दिवसाउजेडी व्यायाम. वावरात गावठी कांद्याची लागण चालली होती. बायका वाफ्यात उकिडव्या बसून, गप्पा मारत, अशा वेगानं रोपं टोचत पुढं सरकत होत्या की बघूनच स्फूर्ती आली. हे तर व्यायामशाळेत पैसे भरून शिकवतात, असं मी म्हणालो. त्यांनी एक जुडी हातात दिली. अर्धा वाफा होईस्तोवर मी बोललो, उरलेला अर्धा नुसता श्वास घेतला, आणि उठायच्या वेळी उठता आलं नाही. दोघींनी काखेत हात घालून उचललं. घड्याळानं या सगळ्याची नोंद "विश्रांती" अशी केली.

पाठीला पट्टा बांधून ओसरीवर बसलो ते कामाच्या वेळेपर्यंत. गावात माझ्याबद्दल एक शंका आधीपासून होतीच. धडधाकट माणूस दुपारी जेवून लॅपटॉप उघडतो, रात्री साडेनऊपर्यंत एकटाच बडबडतो, मधूनच हसतो. "नोकरी हाय ना रं अजून?" तात्यांनी एकदा हळूच विचारलं, काकी आत गेल्यावर. नेट गेलं की मी कंपनीत सांगायचो, जवळच खोडदला जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यामुळे होतं. थाप होती. बिचारी दुर्बीण फक्त ऐकते, बोलत नाही, ती कुणाच्या नेटला काय करणार! नेट जायचं ते पुतण्या माझ्याच जोडणीवर बैलगाड्यांचे व्हिडिओ बघायचा म्हणून. पण आमच्यातला एक सहकारी ड्रेन्थचा, वेस्टरबोर्कच्या दुर्बिणीजवळ वाढलेला. तो खुलला. त्यांच्या १४ तबकड्या, २५ मीटरच्या. तुमच्या किती? मी उठून चुलतभावाला विचारून आलो: ३०, प्रत्येकी ४५ मीटरच्या. आत कसं दिसतं, असं त्यानं विचारल्यावर माझं नेट खरोखरच गेलं. म्हणजे मीच घालवलं. शाळेच्या सहलीनंतर मी तिकडे फिरकलो नव्हतो.

हा चुलतभाऊ म्हणजे तात्यांचा धाकटा. गावातल्याच कॉलेजात शिकला, ऑनलाइन दाखल्यांची कामं करतो आणि दावणीला शर्यतीचा बैल बाळगतो. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. ही सगळी वर्षं त्यानं तो गोठा रिकामा होऊ दिला नाही. मला वाटायचं, हा वेडा आहे. मग त्यानं एकदा शर्यतीच्या घाटात नेलं. पुढं घोडी, मागं चार बैल, निशाण पडतं आणि धुरळ्यातून "भिर्र" असा ओरडा उठेस्तोवर बारी संपलेलीसुद्धा असते. सेकंदाच्या शंभराव्या भागावर नंबर ठरतात आणि निवेदक एका श्वासात गाडामालकाच्या तीन पिढ्या सांगतो. मी नुसता कडेला उभा होतो. घड्याळ थरथरलं: नाडी १७८, उत्तम व्यायाम, अभिनंदन. गावी आल्यापासूनचं माझं पहिलं अभिनंदन.

त्या उत्साहात मी ठरवलं की घड्याळाचा खरा उपयोग करायचा. वावर पळून मोजायचं.

कल्पना मला इतकी सुंदर वाटली की आजही तिचा राग येत नाही. व्यायामही होतो, सरहद्दही कळते. बांधाच्या कडेकडेनं वावराला फेरी मारली, घड्याळानं नकाशा काढला, तो एका संकेतस्थळावर चढवला, क्षेत्रफळ आलं: ३,८५० चौरस मीटर. सातबाऱ्यावर ४,१००. अडीचशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे गायब! आणि लगतचा गट कुणाचा? तात्यांचा.

बांध कोरणं हा आपल्याकडचा जुना, शांत धंदा आहे. नांगरटीच्या वेळी एक तास जास्त घ्यायचं, दरसाल वीतभर. मी पाहुण्यासारखा येऊन जात होतो आणि इकडे वीतभर वीतभर करत अडीच गुंठे गेले, असा सिनेमा माझ्या डोक्यात रात्रभर चालला. ज्या देशानं समुद्र हटवून फ्लेवोलँड नावाचा अख्खा प्रांत उभा केला त्या देशात मी राहतो, आणि मला चुलत्याकडून अडीच गुंठे सोडवता येऊ नयेत? बहिणीला चिंचवडला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "त्यातला सव्वा गुंठा माझा आहे, तेवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी विषय काढला, पुरावा म्हणून मनगट पुढं केलं. तात्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू मळत राहिले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. मग मीच चिडलो आणि परदेशस्थ माणसानं जे कधीच बोलू नये ते बोललो: "मला नका शिकवू, मनात आणलं तर तुमचा गटसुद्धा विकत घेईन!"

"नाय घेता यायचा, दादा," धाकटा आतून म्हणाला. मी तावातावानं ऐपतीचं बोलायला लागलो. तो कपाळ पुसत बाहेर आला. फेमा कायद्याप्रमाणे अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. मळा नाही, फार्महाऊस नाही. बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. फक्त वारसानं येऊ शकते. त्यानं हे रोजच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. म्हणजे या गावात आणखी गुंठाभर जमीन मिळायची तर नात्यातल्या कुणीतरी मला मायेनं मागं ठेवून जायला हवं. आणि त्या नात्याशीच मी ओट्यावर भांडत होतो.

हट्टानं मोजणीचा अर्ज टाकला. द्रुतगती, जादा फी भरून. बहिणीची सही आणली. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा गेल्या, त्यामुळे मोजणीच्या दिवशी बांधावरच्या चिंचेखाली छोटी यात्रा भरली. काकींनी सगळ्यांना चहा दिला, मलासुद्धा. भूकरमापक रोव्हर घेऊन आले. काठीवर बसवलेलं पांढरं टोपण, एवढंच ते दिसतं. मी माझ्या घड्याळाचा नकाशा त्यांना दाखवला. ते गृहस्थ सभ्य होते, हसले नाहीत.

त्यांनी विचारलं, पळताना बांधावरून पळालात की आतून? आतून, अर्थात. बांधावर बोराटी आहे, पाय फाटले असते. किती आत? मीटरभर. मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. एकरभर चौकोनी वावराची एक बाजू साधारण ६४ मीटर; चारही बाजूंनी मीटरभर आत सरकलं की अडीच गुंठे आपोआप कमी होतात. शिवाय मनगटावरचं घड्याळ मोकळ्या आभाळाखालीही तीन-चार मीटर इकडेतिकडे फिरतं. रोव्हर उपग्रहांच्या जोडीला जमिनीवरच्या स्थिर केंद्रांचा आधार घेतो, म्हणून त्याची चूक सेंटिमीटरांत राहते. थोडक्यात, बोराटीच्या भीतीनं मीच माझा बांध कोरला होता.

इथवर ठीक होतं. पण मोजणी सुरू झाली की ती अर्ध्यावर थांबत नाही. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात रोव्हर बांध ओलांडून आमच्या बाजूला आला आणि तिथे चुन्याची खूण पडली. तात्यांचा पाऊण गुंठा आमच्या वावरात निघाला. माझ्या वडिलांच्या की आजोबांच्या काळात बांध सरकला, कुणाला सांगता येईना. चिंचेखाली हळूहळू शांतता पसरली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मला हिशेब लागायला जरा वेळ लागला. तो पाऊण गुंठा तात्यांचा, कसत तात्याच होते, खत-बियाणं त्यांचं, रात्रीची दारं त्यांनी धरलेली, आणि त्यावरच्या कांद्याचं निम्मं उत्पन्न दरसाल इमानेइतबारे मला पाठवत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"बांध सरळ नाय ते दिसतंय की डोळ्यानं," तात्या म्हणाले. "पण भाऊ गेल्याव कोण मोजायला बसतंय?"

नुकसानभरपाई देतो म्हणालो, त्यावर काकींनी अशी नजर टाकली की पाकीट परत खिशात गेलं. मोजणीच्या नकाशाची क प्रत आली, हद्दीचे दगड बसले, बांध मात्र जिथे होता तिथेच राहिला. बहिणीनं फोनवर विचारलं, "पाऊण गुंठ्यातला माझा अर्धा धरून तात्यांना माझ्याकडूनही सॉरी सांगितलंस ना?" निघताना धाकट्यानं संकोचत एवढंच मागितलं: घड्याळ. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळेखाली बांधून बघायचं होतं, घाटात वेग किती पडतो ते. मी काढून दिलं. खातं माझंच राहिलं, बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उट्रेख्तला परतल्यावर खुर्चीत बसलो, पाठ पुन्हा धरली, आणि महिनाअखेरीला कंपनीच्या पावलांच्या स्पर्धेत आमचा चमू पहिला आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावची हवा तुला मानवली, आता रोज एवढा चालतोस कसा, असं आमच्या साहेबीणबाईंनी विचारलं आणि सरावाच्या काळात आहार काय घेतोस ते सगळ्यांसाठी लिहून काढायला सांगितलं. मी धाकट्याकडून यादी मागवून घेतली: भिजवलेली उडदाची डाळ, दूध, अंडी, कणकेचे गोळे, सरकी पेंड. पेंड तेवढी गाळली आणि बाकीचं पाठवून दिलं.