आबांची खोली

वडीगोद्रीच्या फाट्यावर, धुळे-सोलापूर हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीत दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकं घालून कुणी 'आता पुढचा प्लॅन दाखव' म्हणत असेल, तर ते आबा.

आबांना शेतात खोली बांधायची आहे. शेतीच्या मोटारीला लाईट आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की पाठ टेकायला जागा हवी. शिवाय फवारणीचा पंप, खताची पोती, मोसंबीची राखण. दहा बाय बारा, वर पत्रे, संपला विषय.

विषय मात्र संपत नाही. खोली अजून झाली नाही, पण तिचे प्लॅन युरियाच्या गोणीत भरून माळ्यावर ठेवलेत. एक भाच्यानं कॉम्प्युटरवर काढलेला. एक गवंड्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघोट्या मारलेला. एक वास्तुवाल्याचा. त्यात चूल आग्नेयेला गेली, देव ईशान्येला बसले आणि आबांची खाट दाराबाहेर निघाली.

पायाचं प्रकरण तर वेगळंच. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत चिरते. गवंडी म्हणाला, "मुरूम लागंस्तोवर खोदावं लागंल." आबांनी हिशोब मांडला. जेवढी खोली वर, जवळजवळ तेवढीच खाली! "मग खालीच राहतो की," म्हणून त्यांनी तळघराचाही एक प्लॅन करून घेतला.

तेवढ्यात रेडिमेड केबिनचा शोध लागला. ट्रकवर येते, हायड्रानं उचलून ठेवली की झालं. आबांनी कोटेशन मागवलं. भिंतीची जाडी, खिडकीची जाळी, पत्र्याचा उतार, सगळं विचारून झालं आणि शेवटी म्हणाले, "आमच्या पांदणीत जुलैमधी बैल रुततो. तुमचा हायड्रा कसा येणार?" तेव्हापासून तो विक्रेता फोन उचलत नाही.

आबांचं वाचन दांडगं. 1966च्या जमीन महसूल संहितेतलं शेतघराचं कलम 41 त्यांना आरतीसारखं पाठ आहे. परवा टपरीत सांगत होते, "अमेरिकेत 1908 ते 1940 सीअर्स कंपनी कॅटलॉगवर घरं विकायची. लाकडं, खिळे, सगळं कापून, नंबर टाकून रेल्वेनं यायचं. 70 हजारांच्या आसपास घरं विकली!"

"मग मागवा की एक," टपरीवाला म्हणाला.

"मागवलं असतं रे. पण वडीगोद्रीला रेल्वे कुठंय?"

आबांची खोली अशी रेल्वेखात्यामुळं रखडली आहे. काकूंना विचारलं तर म्हणतात, "खोली बांधली तर यांनी दिवसभर करायचं काय?"

जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं हा भाग उसाचा केला. गेल्या हंगामात शेजारच्या वावरात बीडकडची तोडीची टोळी उतरली. ट्रॅक्टरमधून बांबू, चटया, ताडपत्री निघाली. आबा बांधावरून आले आणि विचारते झाले, "प्लॅन कुणाचा?"

"कशाचा प्लॅन, आबा?" एक बाई म्हणाली. "हे टोक धरा."

आबांनी टोक धरलं. दिवस मावळायच्या आत कोपी उभी राहिली आणि चुलीवर कोरा चहा चढला. चहा पिता पिता आबांनी दाराची दिशा चुकल्याचं सांगितलं, पाया नसल्याबद्दल चिंता व्यक्त केली आणि दुसऱ्या चहासाठी कप पुढं केला.

पुढं महिनाभर रात्रपाळीला लाईटची वाट बघत ते त्याच कोपीत टेकत. टोळी निघाली तेव्हा मुकादम म्हणाला, "पुढच्या साली तुमच्याच खोलीत उतरतो, आबा."

"या की," आबा म्हणाले आणि लगेच खिशातली पेन्सिल काढली. "पण मग दहा बाय बारा पुरायची नाही."