मॅनेजरकाका

बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एक काका प्रत्येक सोसायटीत असतातच. पूर्वी ते संध्याकाळी कट्ट्यावर सापडत, हल्ली स्क्रीनसमोर सापडतात. "मारामारी नको, चार माणसं भेटतील असा गेम दे," असं नातवाला सांगून ते आभासी जगात शिरतात आणि शिरल्या शिरल्या तिथलं इन्स्पेक्शन सुरू करतात.

हा नाद तसा जुना. २००९ साली शेतीचा गेम फार्मव्हिल आला तेव्हा काकांची नोकरी चालू होती. गावची जमीन बटाईने देऊन मोकळा झालेला हा गृहस्थ पीक वाळेल म्हणून रात्री दोनचा गजर लावी. जन्मात सासरकडे काही न मागितलेला माणूस साडूला 'माझे शेजारी व्हा' अशा विनंत्या पाठवी.

सेकंड लाइफ बोलक्या माणसांसाठी उत्तम, असं कोणीतरी सुचवलं. तिथे जिंकणं-हरणं नाही. घर बांधा, कपडे करून विका, गप्पा मारा. तिथलं चलन असलेल्या लिंडन डॉलरचा भाव वरखाली होतो म्हटल्यावर काका खुलले. पुढे मोठ्या जमिनीला दरमहा पैसे भरावे लागतात हे कळलं. "म्हणजे इथेही मेंटेनन्स!" तेवढ्यात पंख आणि कोल्ह्याची शेपटी असलेली एक व्यक्ती गप्पा मारायला आली. काकांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं?" ती उडून गेली.

अखेर नातवाच्या निन्टेन्डो स्विचवर अॅनिमल क्रॉसिंग सापडलं. गोड प्राणी, निवांत बेट, आणि घरासाठी कर्ज देणारा टॉम नूक. तारण नाही, व्याज नाही, हप्त्याची तारीखही नाही!

"हा बुडणार," काका म्हणाले.

"आजोबा, तो गेममधला प्राणी आहे."

"आमचा एक झोनल मॅनेजरही असाच होता."

तरी कर्ज त्यांनी घाईने फेडलं, आजवर थकबाकीदार म्हणून नाव लागलेलं नाही. फेडताच नूकने घर वाढवायला आणखी मोठं कर्ज पुढे केलं, तेव्हा कुठे काकांना त्याच्याबद्दल आदर वाटला. आता रविवारी दुपारी बारापर्यंत ते कोणाला भेटत नाहीत. गेममधल्या सलगमची खरेदी तेवढ्याच वेळात होते, भाव रोज दोनदा बदलतो आणि पुढच्या रविवारी माल सडतो. वहीत नोंदी आहेत, लाल शाईने.

नातवाने महिनाभर खपून बेटावर फुलबाग आणि धबधबा केला. काकांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"छान आहे. नॉमिनी कोणाला लावलंस?"