आपण मूळचे कुठले?

कुठल्याही लग्नात भटजी, केटरर आणि फोटोग्राफर यांच्याइतकाच न चुकणारा एक गृहस्थ असतो. मी त्यांना व्युत्पत्तीकाका म्हणतो. ते मुलाकडचे की मुलीकडचे हे शेवटपर्यंत कळत नाही. झब्ब्याच्या खिशाला पेन असतं, कागद कधीच नसतो. तुम्ही नाव सांगितलंत की मान जराशी तिरकी होते आणि प्रश्न येतो, "आपण मूळचे कुठले?" कोथरूडचे म्हणालात तर काका कीव केल्यासारखं हसतात. "ते आत्ताचं झालं हो. मूळचे?"

साध्या आडनावांत त्यांना रस नाही. 'कर' लावणाऱ्यांना ते उभ्या उभ्या आपापल्या गावी धाडतात. माडगूळचे ते माडगूळकर, मूळचे कुलकर्णी, चला पुढे! मंगेशकरांपाशी मात्र दोन मिनिटं थांबतात. दीनानाथांनी मंगेशीवरून हे आडनाव स्वतःहून घेतलं, हे सांगताना काकांचा चेहरा असा होतो की ते सुचवायला हेच गेले होते. पाटील, जोशी आणि कुलकर्णी भेटले की ते सरळ मठ्ठ्याकडे वळतात.

खरे लाडके 'नीस'वाले. नवीस म्हणजे फारसीत लिहिणारा. फर्द लिहिणारा तो फडणवीस, चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस. आता हे सगळं ऐकून कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की ही मंडळी कारकून होती. होतीच! राज्य चालायचं ते यांच्या बोरूवर, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण काकांच्या तोंडून 'कारकून' हा शब्द यायचा नाही. "दफ्तर सांभाळायचे," असं ते म्हणतात, आणि म्हणताना डावा हात कमरेपाशी जातो, जिथे तलवार असायला हवी होती.

गेल्या मोसमात त्यांना एक डबीर सापडला. तिशीतला, आयटीतला, हातात प्लेट, प्लेटमध्ये एकच जिलबी. आडनाव सांगितल्यावर समोरचा "कबीर?" म्हणतो, मग "अबीर?" म्हणतो, मग "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" असं विचारतो, याची त्या मुलाला सवय होती. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी त्याचा प्लेटवाला हातच धरला.

"डबीर! डबी आली ना त्यात? दरबारात पानाची डबी तुमच्याकडे. मानाचं काम!"

मुलगा म्हणाला, घरी असं कुणी सांगितलं नाही.

"मग गाव असणार. डबीर खुर्द किंवा बुद्रुक, शोधलंत तर सापडेल. कोकणात बघा." मुलाचे आजोबा वऱ्हाडातले निघाले. काका डगमगले नाहीत. "तेच म्हणतोय मी. स्थलांतर!"

एव्हाना रांग तुंबली होती आणि मागच्या बाईंचा वरणभात गार होत होता. त्यांनीच विषय संपवला. त्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका निघाल्या. दबीर हा फारसी शब्द, अर्थ लेखक, चिटणीस. शिवाजीमहाराजांच्या पदरी सोनोपंत डबीर होते, त्यांचे चिरंजीव त्र्यंबकपंत १६६६ साली महाराजांबरोबर आग्र्याला गेले होते. परराज्यांशी पत्रव्यवहार आणि वकिली हे डबिराचं काम. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा फारसी पदनामं जाऊन संस्कृत आली, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला. पद गेलं, आडनाव राहिलं.

"बघा!" काका म्हणाले. "मी म्हटलंच होतं, मानाचं काम!" डबीतलं पान कुणाच्या लक्षात येण्याआधीच त्यांनी गिळून टाकलं होतं.

बाईंनी जाता जाता आणखी एक सांगितलं. इराणात आजही माध्यमिक शाळेच्या शिक्षकाला दबीर म्हणतात. मुलाचा चेहरा एकदम खुलला. त्याचे वडील अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. काकांना हे बिलकुल पटलं नाही. अष्टप्रधानातून थेट आठवी ब म्हणजे फारच पडझड झाली! "ते इराणचं सोडा हो," म्हणाले.

काकांच्या शास्त्राला नियम एकच आहे. यजमानांच्या पूर्वजांना वतन मिळतं, व्याह्यांच्या पूर्वजांना मोहीम मिळते, केटररच्या पूर्वजांना नुसतं गाव. बायकांशी त्यांचं जमत नाही, कारण "माहेरचं सांगू की सासरचं?" या साध्या प्रश्नाशी त्यांची गाडी अडते. आणि दगडू, धोंडू, केरबा ही नावं त्यांच्यासमोर काढली तर त्यांना अचानक ओळखीचं कुणीतरी दिसतं. मूल जगत नाही म्हणून आईनं देवाची, सटवाईची नजर चुकवायला दगडाचं, केराचं नाव ठेवलं, यात तलवार कुठे बसवणार? धोंडू तर काही घरांत केवळ धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिकात जन्मला म्हणून धोंडू झाला. खरं तर मला ही माहिती त्यांच्या सगळ्या मोहिमांपेक्षा मोलाची वाटते, पण मला विचारतो कोण?

तेव्हा तुमचं आडनाव जरा वेगळं असेल तर मुहूर्ताच्या आधी मोल्सवर्थचा कोश चाळा, नाहीतर कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्ति कोश'. तिथे नाही सापडलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. काहीच हाती लागलं नाही तर "ठाऊक नाही" म्हणा आणि सरळ जिलबीकडे चालू लागा. फक्त काकांना अंदाज बांधू देऊ नका. त्यांची व्युत्पत्ती पुढच्या लग्नात तुमची सख्खी मावशीच तुम्हाला ऐकवते.