बैठकीतला ढग

रने माग्रीत या बेल्जियन चित्रकाराने 1952 मध्ये एक खोली रंगवली. पलंग, कपाट, गालिचा सगळं नेहमीचं; पण पलंगावर माणसाएवढा कंगवा उभा, कपाटावर दाढीचा अवाढव्य ब्रश आणि भिंतींच्या जागी चक्क ढगाळ आभाळ. हे चित्र पाहून कसंतरीच होतंय, असं त्याच्या दलालाने त्याला कळवलं होतं.

त्या दलालाला माघात भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादेत आणायला हवं होतं. इथे बैठकीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो. भिंतीवरचे आजोबा फोटोत गळ्यापर्यंत बुडालेले. टीव्हीचा वरचा अर्धाच पडदा उघडा; बातम्या देणाऱ्या बाईला फक्त कपाळ आणि डोळे. दालीने 1931 मध्ये चित्रात घड्याळं वितळवली, इथे घड्याळ कापसात गडप होऊन आतून टिकटिकतं. आंद्रे ब्रतोंला असल्या गोष्टींसाठी 1924 साली पॅरिसात अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढावा लागला. आपल्याकडे पडलेला बाजारभाव पुरतो.

2022 मध्ये कापूस क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला होता. तो आकडा मनातून जात नाही, म्हणून पुढच्या हंगामाचा कापूस घरातून जात नाही. रात्री सगळं घर अंग खाजवतं. कुणी विचारलंच, "काय आबा, अजून ठेवलाय का?" तर उत्तर ठरलेलं: "असू द्या की, काय खायला मागतो का तो?"

खायला मागत नाही, पण त्याच्याखाली सोसायटीचं कर्ज असतं, बियाण्याची उधारी असते, पोरीचं लग्न असतं. यातलं काही बोलायची आपल्यात रीत नाही. आपले प्रभाकर बरवे (1936–1995) पान, घड्याळ, टाचणी अशा साध्या वस्तू कॅनव्हासवर सुट्या सुट्या मांडत. वस्तू गप्प, पण त्यांच्यात काहीतरी चाललंय, हे आपल्याला जाणवत राहतं. या बैठकीत त्यांना फार काही जमवाजमव करावी लागली नसती.

शेवटी चैत्रात, भाव आणखी उतरल्यावर, टेम्पो येतो. कापूस उपसता उपसता खालून टीव्हीचा रिमोट निघतो, चपलेचा एक पाय निघतो. पोरं आरडाओरडा करतात. मग लग्नपत्रिकांचा नमुना निघतो, गेल्या साली छापायचा राहून गेलेला. आबा तो धोतरावर झटकतात, उलटासुलटा करून पाहतात आणि व्यापाऱ्यावर खेकसतात,

"काट्यावरचा पाय काढा आधी!"